घांस कोणाचा?

मौंजीबंधनाच्या संस्कारांत मातृभोजन म्हणून एक विधि आहे. उपनयनापूर्वीं बटु आपल्या आईच्या पानांत, तिच्या शेजारीं बसून, अखेरचा जेवतो. आणि मुंज लागल्यावर तोच मुलगा हातांत दंड घेऊन त्याच आईपुढें उभा राहतो व भिक्षा मागतो. सकाळीं ज्याच्या तोंडांत आईनें घांस घातला त्यानें दुपारीं आपलें अन्न स्वतः मागून घ्यावयाचें, अशी ही योजना आहे. शास्त्रकारांच्या मनांत काय होतें तें शास्त्रीमंडळींनीं सांगावें. मला मात्र गेल्या वैशाखापासून या दोन विधींच्या मधल्या दोन-तीन तासांविषयीं पुष्कळ विचार करावा लागला आहे. मुलाच्या तोंडांतला घांस आईचा केव्हांपर्यंत आणि त्याचा स्वतःचा केव्हांपासून, हा तो विचार. आणि त्याला निमित्त झाली ती आमच्याच घरची मुंज.

बटु म्हणजे माझा पुतण्या. वय दहा, वजन ५८ किलो. मुंजीच्या दिवशीं पहांटे वहिनी त्याला उटणें लावून न्हाऊं घालीत होत्या. “कधीं म्हणून नीट अंग घांसायचं नाहीं! आज चार लोक येणार. मानेवरचा हा मळ पाहून काय म्हणतील?” असें म्हणत त्यांनीं त्याची मान इतकी चोळली कीं ती लाल झाली आणि मुलाच्या डोळ्यांना पाणी आलें, पण मानेच्या मागचा तो काळसर, मखमलीसारखा पट्टा कांहीं हालला नाहीं. पुढें मांडवांत कद नेसवितांना तो कमरेला पुरेना. तेव्हां आमचे एक वडीलधारे आप्त मोठ्यानें म्हणाले, “वामनानें तीन पावलांत त्रैलोक्य घेतलें, आमचा हा वामन तिसऱ्या पावलाला बसकण मारील!” मंडळी खो खो हंसली. मीहि हंसलों.

दुपारीं पंगतींत हेच गृहस्थ जिलब्यांचें ताट घेऊन वाढावयास उठले आणि बटूच्या पानापाशीं येऊन थांबले. “मुंज तुझी, आणि लाजतोस काय? ही घे, एक माझ्या नांवाची!” एकीच्या तीन झाल्या. मुलानें आधीं आईकडे पाहिलें, मग माझ्याकडे. “घे रे, आजचा दिवस,” मी म्हणालों. त्यानें त्या खाल्ल्या. आवडीनें खाल्ल्या असें मला त्या वेळीं वाटलें. आज वाटतें कीं सकाळपासून त्याच्यावर हंसणाऱ्या माणसांना खूष करण्याचा तेवढाच एक उपाय त्याच्या हातीं होता.

महिनाभरानें त्याचा खोकला हटेना म्हणून त्याला आमच्या नेहमींच्या डॉक्टरांकडे नेलें. त्यांनीं छाती तपासण्यासाठीं सदरा वर केला, आणि मान पाहून हात थांबविला. मळ नव्हे, असें ते म्हणाले. शरीरांतील इन्सुलिनचा परिणाम मंदावला म्हणजे स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन ओततें; रक्तांत त्याचें प्रमाण वाढलें कीं मान, कांख अशा जागची कातडी जाड आणि काळी होते. पुढें रक्ताची तपासणी झाली. साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर निघाली आणि यकृतांत चरबी सांठली असल्याचेंहि कळलें. वहिनी रडल्या, पण त्या रोगासाठीं नव्हे, त्या पहांटेच्या चोळण्यासाठीं रडल्या. रात्रीं माझी आई माझ्या खोलींत आली आणि दाराशींच उभी राहून म्हणाली, “म्हणजे मी काय इतकीं वर्षं पोराला विष चारलं?”

या प्रश्नाचें उत्तर मला त्या रात्रीं देतां आलें नाहीं. घरांत उत्तरें पुष्कळ होतीं. दादाचें मत, पोराला जिभेवर ताबा नाहीं. वहिनी बोलल्या नाहींत, पण त्यांची नजर सासूच्या तुपाच्या भांड्याकडे जाई. आई माझ्याकडे बोट दाखवी, कारण दर शुक्रवारीं कचेरींतून येतांना वेफर्सचीं आणि बिस्किटांचीं पुडकीं मी आणीत असें. आणि मी, सुशिक्षित माणूस, बाजाराला दोष देत असें. दोष हा एकच पदार्थ असा आहे कीं तो आपल्या पानांत वाढून घेण्याचा कोणी आग्रह धरीत नाहीं. ज्याला नको म्हणण्याची शक्ति सर्वांत कमी, त्याच्या पानांत तो शेवटीं पडतो. आमच्या घरांत तो दहा वर्षांच्या मुलाच्या पानांत पडला.

स्थूल माणसाला दोषी धरण्याची खोड नवी नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत ‘अष्टौनिन्दितीय’ नांवाचा एक अध्याय आहे. शरीरावरून निंदिलीं जाणारीं आठ प्रकारचीं माणसें त्यांत सांगितलीं आहेत, आणि अतिस्थूल हा त्यांपैकीं एक. नांव वाचून वाटतें, येथें खादाडपणाची निर्भर्त्सना असणार. पण यादी पुरती पाहिली म्हणजे आश्चर्य वाटतें. अतिशय उंच आणि अतिशय ठेंगणा, अंगावर फार केंस असलेला आणि मुळींच नसलेला, फार काळा आणि फार गोरा, हे सर्व स्थूलाच्या आणि कृशाच्या पंक्तीला बसले आहेत. उंची कोणी अपराध म्हणून मिळवीत नाहीं. शिवाय स्थूलतेचीं कारणें सांगतांना अति खाणें, व्यायाम न करणें, दिवसा झोंपणें यांच्याबरोबर चरकानें बीजस्वभावहि सांगितला आहे. म्हणजे आईबापांकडून आलेला शरीराचा मूळ धर्म. वैद्यानें नोंद केली ती लोक कोणाला नांवें ठेवतात याची आणि तसें शरीर कशानें होतें याची. नांवें ठेवण्याचें काम आपण आपल्याकडे घेतलें.

डिकन्सच्या ‘पिक्विक पेपर्स’मध्यें ज्यो नांवाचा एक लठ्ठ पोरगा आहे. कादंबरी १८३६-३७ सालची. हा पोरगा उभ्या उभ्या झोंपतो, दार ठोठावतां ठोठावतां घोरतो, आणि जागा असला म्हणजे खातो. शंभराहून अधिक वर्षें वाचक त्याला हंसले. मीहि कॉलेजांत असतांना हंसलों आहें. १९५६ सालीं अमेरिकेंतील कांहीं डॉक्टरांनीं एका रोग्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. अतिस्थूलतेमुळें त्याचा श्वास उथळ झाला होता, रक्ताला प्राणवायु पुरत नव्हता आणि म्हणून तो पत्ते खेळतां खेळतांहि झोंपी जाई. या विकाराला त्यांनीं नांव दिलें तें पिक्विकचें. म्हणजे ज्याला आपण आळस समजून हंसत होतों तो गुदमरण्याचा एक प्रकार होता. आमचा बटुहि रात्रीं मोठ्यानें घोरतो आणि वर्गांत पेंगतो. मास्तरांचा शेरा ‘आळशी’ असा आहे. त्याच्या घोरण्याचा आवाज टिपून ठेवून आम्हीं तो पाहुण्यांना ऐकविलाहि होता.

भुकेसंबंधीं तर याहून विलक्षण गोष्ट आहे. शरीरांतील चरबी स्वतःच एक द्रव्य तयार करते आणि त्याच्या द्वारें मेंदूला निरोप पाठविते कीं सांठा पुरेसा आहे, आतां खाणें आटपा. त्या द्रव्याचें जनुक १९९४ सालीं न्यूयॉर्क येथें जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेंत सांपडलें. द्रव्याला लेप्टिन म्हणतात. १९९७ सालीं केंब्रिजच्या संशोधकांना एकाच कुटुंबांतलीं दोन मुलें आढळलीं, ज्यांच्या शरीरांत हें द्रव्य जन्मतःच तयार होत नव्हतें. मुलगी आठ वर्षांची आणि ८६ किलोंची, तिच्या नात्यांतला मुलगा दोन वर्षांचा आणि २९ किलोंचा. त्यांची भूक कशानेंच शमत नसे. पुढें अशा एका मुलीला लेप्टिनचीं इंजेक्शनें सुरू केलीं. अन्नासाठीं चाललेला तिचा हट्ट थोड्याच दिवसांत ओसरला, आणि वर्षभरांत तिचें वजन सुमारें १६ किलोंनीं उतरलें. कोणीं तिला संयम शिकविला नव्हता, कोणीं तिच्यावर रागावलें नव्हतें. आपण ज्याला हांव म्हणतों ती तिच्या बाबतींत न पोहोंचलेल्या निरोपाचें नांव होती.

अशीं मुलें जगांत अगदीं मोजकीं आहेत, हें मी विसरत नाहीं. त्यांच्यावरून सर्व स्थूल मुलांचा न्याय करणें बरोबर नव्हे. आणि ‘भूक हा रसायनाचा खेळ, मग कोणाकडेच दोष नाहीं’ असें म्हणून मोकळें होणें त्याहून बरोबर नव्हे. कारण दुसरीकडून एक आंकडा आडवा येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणें ५ ते १९ वर्षांच्या मुलांपैकीं १९९० सालीं शेंकडा २ स्थूल होतीं. २०२२ सालीं शेंकडा ८ होतीं. युनिसेफनें २०२५ सालीं सांगितलें कीं याच वयाच्या मुलांत आतां स्थूल मुलांचें प्रमाण, शेंकडा ९.४, हें वजन कमी असलेल्यांच्या प्रमाणाहून, शेंकडा ९.२ हून, वर गेलें आहे. दोघांचे हिशेब थोडे वेगळे असले तरी दिशा एकच. बत्तीस वर्षांत मनुष्यजातीचें बीज बदलत नाहीं. बीज तेंच राहून पीक बदललें, तर जमीन आणि पाणी पाहिलें पाहिजे. आणि मुलाची जमीन म्हणजे आपण मोठीं माणसें.

या गोष्टीला इतकें महत्त्व कां द्यावें, असें विचारणारे आप्त आम्हांला पुष्कळ भेटले. “वाढतें अंग आहे, उंची वाढली कीं आपोआप उतरेल,” हें वाक्य मीं त्या महिन्यांत किती वेळां ऐकलें याची गणना नाहीं. कित्येकांचें उतरतेंहि. पण जीं मुलें कुमारवयांत स्थूल असतात, त्यांतलीं दहांपैकीं सुमारें आठ मोठेपणींहि तशींच राहतात, असें अनेक देशांतील नोंदी एकत्र केल्यावर दिसून आलें आहे. आणि रोग मोठेपणाची वाट पाहतोच असें नाहीं. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाला पूर्वीं ‘प्रौढपणीं होणारा मधुमेह’ असें म्हणत. तो शाळकरी मुलांना होऊं लागल्यावर तें नांव सोडून द्यावें लागलें. लहानपणीं जडलेला हा मधुमेह प्रौढांतल्यापेक्षां लौकर बळावतो. मूत्रपिंड आणि डोळे ऐन तारुण्यांत बिघडूं लागतात. रक्ताचा दाब वाढतो. मद्याचा थेंब न घेतलेल्या मुलाचें यकृत मद्यप्याच्या यकृतासारखें चरबीनें भरतें. वाढत्या वयांत मांडीच्या हाडाचा वरचा गोळा भारानें आपल्या जागेवरून सरकतो, आणि मूल लंगडूं लागलें म्हणजे आपण म्हणतों, खेळायचा कंटाळा. हीं सर्व दुखणीं प्रत्येक स्थूल मुलाला होत नाहींत. पण जीं होतात तीं बाहेरून दिसत नाहींत, आणि जेथें दिसतात तेथें आपण तीं घांसून काढावयास जातों.

आतां आईच्या प्रश्नाकडे येतों. १९७२ च्या दुष्काळांत ती चौदा वर्षांची होती. सोलापुराकडचें खेडें, विहीर आटलेली, ज्वारी संपलेली. रेशनवर लाल मिलो मिळे, त्याच्या भाकरी तिला अजून आठवतात. त्या तोंडांत फिरत, म्हणते. धाकट्या भावाच्या बरगड्या बसल्या जागेवरून मोजतां येत. त्या मुलीनें पुढें संसार केला, पुण्यास आली, तिला नातू झाला, आणि त्या नातवाच्या बरगड्या दिसेनाशा झाल्या. हा तिच्या आयुष्यांतला सर्वांत मोठा विजय होता. दहा महिन्यांचा असतांना त्याला आमच्या पेठेंतल्या सुदृढ बालक स्पर्धेंत पहिलें बक्षीस मिळालें. तो फोटो तिच्या देवघराजवळ टांगलेला आहे. मांडीला वळ्या, मनगटाला वळ्या, कपाळावर तीट. दहाव्या महिन्यांत ज्या शरीराला आपण बक्षीस दिलें, त्यालाच दहाव्या वर्षीं हंसलों. मधल्या काळांत त्या मुलानें असा कोणता अपराध केला, हें मला अजून कोणीं सांगितलेलें नाहीं.

भूक आणि स्थूलता या एकमेकींच्या उलट गोष्टी आहेत अशी आपली समजूत असते. १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत जर्मनांनीं अन्न अडवून धरल्यामुळें हॉलंडच्या पश्चिम भागांत भयंकर उपासमार झाली. त्या वेळीं जे गर्भांत होते, ते एकोणीस वर्षांचे होऊन सैन्याच्या तपासणीस आले तेव्हां त्यांच्या नोंदी राहिल्या, आणि १९७६ सालीं त्या नोंदी तपासणाऱ्यांना दिसलें कीं गर्भाच्या पहिल्या सहा महिन्यांत ज्यांनीं उपास सोसला त्यांच्यांत स्थूलतेचें प्रमाण इतरांहून अधिक होतें. इतक्या लांब जाण्याचेंहि कारण नाहीं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून पुण्याभोंवतालच्या खेड्यांतील गर्भवती बायका व त्यांचीं मुलें यांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात बालकाचें वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडांतील साउदॅम्टनच्या बालकाचें ३.५. पण आमच्या बालकांत जें कमी होतें तें मांस होतें. कातडीखालची चरबी जवळजवळ तेवढीच होती. बाहेरून काटकुळें, आंतून स्निग्ध. पुढें २००४ सालीं याज्ञिकांनीं आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांनीं आपला दोघांचा फोटोच छापला. उंचीच्या मानानें वजनाचें गुणोत्तर दोघांचें सारखें, २२.३, पण अंगांतली चरबी युडकिनांची शेंकडा ९.१ आणि याज्ञिकांची २१.२.

याचा अर्थ, आमच्याकडची मुलें थोड्या वजनावरहि आजारी पडूं शकतात. ज्या देशांत २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणींत पांच वर्षांखालील शेंकडा ३५.५ मुलें वयाच्या मानानें खुजीं निघालीं, त्याच देशांत जादा वजनाचीं बालकें शेंकडा २.१ वरून ३.४ वर गेलीं. हीं दोन वेगळ्या देशांचीं मुलें नव्हेत. कित्येक वेळां एकाच जिन्यावरच्या वरच्या आणि खालच्या बिऱ्हाडांतलीं असतात, आणि कधीं कधीं तर एकच मूल आधीं एक असतें, मग दुसरें.

तेव्हां आई कारण झाली कीं नाहीं? झाली. दोषी झाली का? येथें मला दोन शब्द वेगळे ठेवावेसे वाटतात. कारण होणें हें हातांचें काम आहे. दोषी होण्यास ज्ञान लागतें. तुपाची धार धरणाऱ्या हातामागें चौदा वर्षांच्या मुलीची भूक होती, आणि त्या भुकेला आजच्या साखरेचा आणि आजच्या रक्ततपासणीचा हिशेब कोणीं दिला नव्हता. आईला मीं हें दुसऱ्या दिवशीं सांगितलें. तिला तें फारसें पटलें नाहीं. “आतां कळलं ना, मग आतां?” ती म्हणाली, आणि माझ्या सर्व विवेचनापेक्षां तो प्रश्न अधिक नेमका होता. कळल्यानंतरचा प्रत्येक घांस निराळा.

माझें स्वतःचें प्रकरण आईइतकें निर्दोष नाहीं, कारण मला आधींपासून कळत होतें. ३०० मिलिलिटर कोल्याच्या बाटलींत सुमारें सहा चमचे साखर असते, हें मी लोकांना सांगत असे. शाळेच्या आवारांत आणि फाटकापासून ५० मीटरांच्या आंत अति साखर, मीठ व चरबीचे पदार्थ विकूं नयेत, असा नियम २०२० सालीं आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानें केला, तेव्हां मीं त्याची तोंड भरून स्तुति केली होती. आणि ती ५० मीटरांची मर्यादा ओलांडून तेंच पुडकें पिशवींत घालून घरीं आणणारा मीच होतों. मुलाशीं तासभर खेळावयास लागतो तासभर. पांच रुपयांच्या पुडक्याला लागतात पांच रुपये, आणि तो दारापर्यंत धांवत येतो. बाजार दुष्ट आहे हें खरें. पण बाजारानें ओळखली ती माझी सोय. मुलानें पुडकें कधीं मागितलें नव्हतें. पहिलें मीं आणलें, मागणें त्यानंतर सुरू झालें.

लहान मुलानें संयम ठेवावा हा उपदेशच मला आतां चमत्कारिक वाटतो. गीतेंतला युक्त आहाराचा उपदेश अर्जुनाला केलेला आहे, अभिमन्यूला नव्हे. तरी आम्हीं तो प्रयोग करून पाहिला, आणि त्याची हकीकत सांगितली पाहिजे. दादानें भिंतीवर तक्ता लावला. दर रविवारीं सर्वांच्या देखत मुलाला कांट्यावर उभें करून आंकडा लिहावयाचा. गोड पदार्थ त्याला बंद. बाकीचे आम्ही खात होतों, कारण आम्हांला रोग नव्हता. तिसऱ्या आठवड्यांत वहिनींना त्याच्या दप्तराच्या तळाशीं पुडक्यांचे रिकामे कागद सांपडले. दादानें विचारलें, तेव्हां मुलगा म्हणाला, “मित्राचे आहेत.” आमच्या घरांत तो बोललेलें पहिलें खोटें हेंच असावें. पैसे आजीच्या बटव्यांतले होते.

आतां मात्र अपराध घडला होता. चोरी आणि असत्य, दोन्ही. पण तो पूर्वीं नव्हता आणि आम्हीं त्याच्यासाठीं जागा तयार केली, असें माझें ठाम मत आहे. भुकेला आम्हीं पाप ठरविलें, म्हणून ती लपून राहूं लागली. ज्या मुलाला शरीरावरून चिडवितात तें अधिकच खातें आणि खेळापासून दूर राहतें, हें डॉक्टरमंडळी सांगतात, आणि आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें. तक्ता काढला. घरांतला डबा सर्वांसाठीं एकच झाला, आणि माझी शुक्रवारची पिशवी बंद झाली. मला वाटलें होतें त्याहून हें मला जड गेलें. दारापर्यंत कोणी धांवत येईना.

पंगतींतल्या त्या जिलब्या माझ्या मनांतून अजून जात नाहींत. आपल्याकडे जेवणाचे दोन नियम आहेत आणि दोन्ही चांगले आहेत. यजमानानें आग्रह करावा. पाहुण्यानें पानांत टाकूं नये. पहिला नियम टंचाईच्या काळांतला आहे असें मला वाटतें. भांडें लहान हें पाहुण्याला ठाऊक, म्हणून तो संकोचानें हात आंखडणार. त्याचा संकोच मोडावा म्हणून आग्रह. दुसराहि टंचाईचाच, शीत वायां जाऊं नये. मोठा माणूस या दोहोंच्या मधून वाट काढतो. तो पानावर हात आडवे धरतो, “पुरे, पुरे” म्हणतो, उठून आंचवतो. मुलाला हात आडवे धरण्याचा अधिकार नाहीं. धरले तर तो उद्धट. मग होतें असें कीं न मागतां वाढावयाचें हा आमचा हक्क, आणि वाढलेलें संपवावयाचें हें त्याचें कर्तव्य. या दोहोंच्या मध्यें त्याची स्वतःची भूक, ‘आतां पुरे’ म्हणणारा तो आंतला निरोप, दहा वर्षांत कोणीं ऐकलाच नाहीं. आणि न ऐकलेला निरोप पुढें त्यालाहि ऐकूं येईनासा झाला असेल, तर त्याला हावरा म्हणण्याचा हक्क आम्हांला कोठून आला?

म्हणून मला त्या मुंजीच्या विधींचें आश्चर्य वाटतें. भिक्षा मागणारा मुलगा निदान मागतो. देणारी बाई त्याच्या झोळींत घालते, तोंडांत घालीत नाहीं. आम्हीं विधि यथासांग केला. लाडू इतके आले कीं झोळी दोनदां रिकामी करावी लागली. नंतर सगळे आम्हींच त्याला खाऊं घातले.

गेल्या आठवड्यांतली गोष्ट. रात्रीचीं पानें मांडलीं होतीं. आई आमटीचें भांडें घेऊन त्याच्यापुढें आली आणि पळी भांड्यांतच ठेवून तिनें विचारलें, “किती वाढूं?”

त्यानें पळीकडे पाहिलें, मग तिच्याकडे. “तूं सांग ना, आजी.”

“मी नाहीं सांगायची. तुझी भूक मला काय ठाऊक?”

तो बराच वेळ गप्प बसला. दादा कांहीं बोलणार होता, वहिनींनीं त्याच्याकडे पाहिलें. आमटी निवत होती. “अर्धी वाटी,” तो अखेर म्हणाला. आईनें अर्धी वाटी वाढली आणि भांडें घेऊन पुढें गेली. थोड्या वेळानें त्यानें आणखी अर्धी मागितली. तिनें तीहि वाढली. मग त्यानें पानावर हात आडवा धरला. आई अजून भांडें घेऊन त्याच्यापाशींच उभी होती. तिचा हात किती अवघडला असेल तें मला दिसत होतें.